शिरूरला बघितलेला घोड्याचा पिक्चर

लोकांनी शिव्या घालून उतरवलेला पिक्चर मला आवडतो. हे मी सत्तरी ओलांडल्यावर लिहितेय, कारण आता मला कुणी बघायला येणार नाही आणि घरातून कुणी काढूनही देणार नाही. तरी लिहिताना कानाच्या पाळ्या गरम झाल्यात, हे आधीच सांगून ठेवते.

मी काही मुद्दाम करत नाही. सगळं गाव ज्या पिक्चरची गाणी म्हणत बाहेर पडतं, त्या पिक्चरला मला दुसऱ्या गाण्यापासून जांभया सुरू होतात. आणि ज्याला लोक पडद्याकडं चपला भिरकावतात, पेपरात ज्याला एखादा तारा रडतखडत मिळतो, तिथं माझा पदर ओला. हिरोला वर खेचणारी दोरी मलाही दिसते. डोंगर पुठ्ठ्याचा आहे हे मलाही कळतं. पण तो पुठ्ठ्याचा डोंगर चढताना तो माणूस धापा किती मनापासून टाकत असतो! मला आधी त्याची दया येते, मग माया येते, आणि मग मी गेलेच कामातून.

माहेर माझं दौंडचं. घरापासून थेटर हाकेच्या अंतरावर. तिथं सतरा-अठरा वर्षांची जी मी होते, तिला आज कुणी समोर धरून आणलं तर मी तिच्या दोन्ही वेण्या ओढीन. अंधारात बाईसाहेब हुंदके देऊन रडायच्या. दिवे लागले की रुमालानं तोंड पुसून पहिली आरोळी हिचीच, "काय बाई बंडल पिक्चर! पैसं पाण्यात!" रांगेतली पोरं काय बोलतात ते ही ऐकून ठेवायची आणि वर मैत्रिणींना ऐकवायची, "स्टोरीत दम न्हाई. डायरेक्टर नवखा दिसतोय." डायरेक्टर काय खातो का पितो हे तिला ठाऊक नव्हतं. पण बोलणं असं ठणठणीत, की आळीतल्या पोरी पिक्चरला जायच्या आधी हिला विचारायला यायच्या. एका पिक्चरला हिनं सगळ्यांना "चुकून जाऊ नका" म्हणून सांगितलं आणि स्वतः भाजीच्या पिशवीसकट दुसऱ्यांदा जाऊन बसली. पिशवीतली मेथी सुकून गेली. आईचा मार खाल्ला, पण मेथी का सुकली ते काही सांगितलं नाही.

लग्न होऊन यवतजवळच्या एका खेड्यात आले. मालक थेटरात नावांच्या पाट्या संपायच्या आत झोपायचे, त्यामुळं संसारात या विषयावर भांडण झालं नाही. ते गेले. पुढं घरात मुलगा, सून आणि एक नात. थेटर लांब पडलं, पण टीव्ही आला, आणि टीव्हीवर पडलेले पिक्चर दुपारी लावतात. दुपार माझी. कुणी दारात आलं की माझ्या हातातला रिमोट आपोआप बातम्यांवर जातो. सून हे बघून गालातल्या गालात हसते. ती मला ओळखून आहे.

आता जी गोष्ट सांगायची ती नातीच्या लग्नाच्या वेळची. मी तेव्हा जेमतेम पासष्टीची, म्हणजे अक्कल अजून यायची होती.

नात पुण्यात नोकरीला होती. मुलगा शिरूर तालुक्यातला, सणसवाडीच्या एका कारखान्यात शिफ्टवर इंजिनीअर. मुलगी बघून झाली, दोघं फोनवर बोलायला लागली, आणि पोरीचं हसणं बदललं. राहिलं होतं ते घर बघणं. आमच्याकडं मुलीच्या माणसांनी मुलाच्या घरी जायचं, शेत बघायचं, विहीर बघायची, माणसं बघायची. दोन्हीकडच्यांच्या मनाला आलं तर तिथंच बैठकीत, दिवस मावळायच्या आत सुपारी फोडायची. नाही आलं तर "कळवतो" म्हणून उठायचं. "कळवतो" म्हणजे संपलं.

घर बघायला मुलगी जात नाही. निघायच्या सकाळी तिचा मला फोन.

"आजी, मला हे घर पाहिजे. तू तिथं काहीतरी बोलशील."

"मी काय बोलणार?"

"ते मला माहीत नाही. पण बोलशील."

गाडीत बसताना सुनेनंही तेच काढलं. "आई, आज तेवढं पिक्चरचं काढू नका."

"मी येडी हाय का गं?"

माझ्या मुलानं गाडी चालू केली.

घर चांगलं होतं. मुलाचे आजोबा, त्यांना सगळे आबा म्हणायचे, गावच्या सोसायटीत वजन असलेले, टोपी कडक, बोलणं मोजकं. मुलाचे वडील काही वर्षांपूर्वी वारले होते. तेव्हापासून कांदा, ऊस, गोठा, सगळं मुलाची आई बघायची. उंच, शांत बाई. हाताला सतत काहीतरी काम. तिनं मासवडी केली होती, आणि मासवडी ज्या बाईला न फुटता जमते तिच्या घरात पोरगी द्यायला हरकत नाही, असं माझं मत पहिल्या घासालाच झालं.

जेवणं झाली. पुरुष मंडळी शेत आणि कांदाचाळ बघायला निघाली. आबा उंबऱ्यातनं म्हणाले, "आल्यावर बसू बैठकीला. च्या तयार ठेवा."

आम्ही बायका राहिलो. मुलाची आई, तिच्या दोन चुलत जावा, माझी सून आणि मी. मुलाची आई मला म्हणाली, "आजी, शिरूर हाकंवर हाय. बाजारात जाऊन येऊ का? साड्या बघू."

आता इथं मला सांगायला पाहिजे, की त्या दिवसांत मला एका पिक्चरनं झपाटलं होतं. न बघताच. एका बँडवाल्याची आणि त्याच्या वरातीतल्या घोड्याची गोष्ट, आणि घोडा माणसासारखा बोलतो. मोबाईलवर एक पोरगा खुर्चीत रेलून पिक्चरची पिसं काढतो, तो म्हणाला होता, "सगळ्यात चांगलं काम घोड्यानं केलंय, आणि आता तोही पस्तावत असेल." पुण्यात तो चार दिवस टिकला नाही. मी हळहळत होते. आणि त्या दिवशी येताना शिरूरच्या एका भिंतीवर मला त्याचं पोस्टर दिसलं. मोठा घोडा, वर तिरकी पट्टी, "चालू आहे."

"साड्या नकोत," माझ्या तोंडातून निघालं. "तो घोड्याचा पिक्चर लागलाय न्हवं?"

सुनेनं माझ्या मांडीला चिमटा घेतला. पण शब्द गेला होता. पाहुण्याच्या, त्यातून मुलीच्या आजीच्या तोंडचा शब्द. मुलाच्या आईनं पापणी न लववता म्हटलं, "जाऊ की!" जशी काही ती महिनाभर त्या पिक्चरचीच वाट बघत होती.

थेटराच्या खिडकीत एकजण पेपर वाचत बसला होता. त्यानं आम्हाला बघून पेपर खाली केला.

"किती जण?"

"पाच."

"दहा तिकिटं झाल्याबिगर खेळ लावत न्हाई, ताई. काल बी लावला न्हाई, परवा बी न्हाई."

इथं तरी शहाण्या बाईनं मागं फिरावं. मी "राहू द्या" म्हटलंही. पण ते "राहू द्या" अशा आवाजात म्हटलं, की जत्रेत फुगा न मिळालेलं पोरसुद्धा बरं. मुलाच्या आईनं बाजूला जाऊन फोन लावला. थोड्या वेळानं कांदे वाहायची पिकअप थेटरासमोर येऊन थांबली आणि मागच्या हौद्यातून भावकीतल्या बायका उतरायला लागल्या. ठेवणीतल्या साड्या, घाईनं माळलेले गजरे, आणि निऱ्यांना चिकटलेली कांद्याची सालपटं. माझ्याच वयाची एक म्हातारी उतरता उतरता म्हणाली, "पाहुण्यांची हौस हाय म्हणं. कशाचा पिक्चर हाय?"

"घोड्याचा."

"बैलाचा असता तर काय तरी कळलं असतं."

डोअरकीपरनं बोटानं डोकी मोजली आणि पंखे लावले.

पिक्चर सुरू झाला आणि मी सगळं विसरले. नात, सोयरीक, सुनेचा चिमटा, सगळं. असा पिक्चर मी कितीतरी वर्षांत बघितला नव्हता. घोड्याचे ओठ आवाजाच्या नंतर हलायचे. बँडवाला आणि त्याची बायको लाल गणवेशात बर्फावर गाणं म्हणत घसरायची, आणि बर्फ थर्माकोलचा होता, उडून तिच्या नाकाला चिकटत होता. मग वरातीत ट्रंपेट वाजवता वाजवता तो बँडवाला मरतो, पण त्याला ते कळतच नाही. तो वाजवत राहतो. फक्त घोड्याला तो दिसतो. घोडा सांगतो, "अरे, तू मेलायस," पण घोड्याचं कोण ऐकतं? तो घरी जातो. बायको त्याला ताट वाढत नाही. त्याला वाटतं, उशिरा आलो म्हणून रुसली. मग तो तिच्यासमोर बसून तिची समजूत काढत राहतो.

मी ढसढसा रडले. शेजारच्या म्हातारीचा हात घट्ट धरला. मागं पुढं एवढ्या बायका आणि थेटर चिडीचूप. मला वाटलं, रंगल्यात.

बँडवाल्याला भिंतीवर हार घातलेला स्वतःचा फोटो दिसतो, तिथं मध्यंतर झालं. दिवे लागले. तीन बायका मान टाकून झोपल्या होत्या. बाकीच्या अशा बसल्या होत्या, जशा दवाखान्यात नंबर यायची वाट बघत बसतात. मला जरा कसंसं वाटलं, पण तोंड धुऊन यावं म्हणून मी बाहेर गेले. मी नळाशी उभी, आणि आडभिंतीपलीकडं दोघीजणी बोलत होत्या. त्यांना मी आल्याचं कळलं नाही.

"म्हातारी उठतीय का बघ की."

"उठती कशाची? पदर पिळून काढावा लागंल तिचा."

"घोडा बोलतोय आन् ही रडतीय. नात बी अशीच असली मंजी झालं कल्याण."

"गप. पाहुणी उठल्याबिगर कुणी हलायचं न्हाई, वैनीनं बजावलंय. पंगतच समज."

"ते मरू दे. पण वैनीला कुठं आणून बसवलंय बघ की. तिचा मालक जाऊन किती दिस झालं? आन् ही तिलाच मेल्याला नवरा दाखवतीय."

नळ चालू होता, पाणी हातावरून जात होतं.

मोबाईलवरचा पोरगा, पेपरवाले, सगळे घोड्याबद्दलच बोलले होते. बायकोबद्दल कुणी एक शब्द बोललं नव्हतं. पण मी तर डोळ्यांनी बघत होते ना? तासभर बघत होते. ताट, फोटो, हार, सगळं बघून मनसोक्त रडले, आणि माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसलेल्या त्या बाईकडं मी एकदाही मान वळवून बघितलं नाही. मला आवडलंय ना, मग सगळ्यांचं बरं चाललंय. पिक्चर वाईट असला की त्याला समजून घ्यायला मी केवढी मोठ्या मनाची! आणि समोरचं माणूस?

आत गेले. मुलाची आई सरळ बसली होती, हात मांडीवर. त्या हातांना पहिल्यांदाच काम नव्हतं. मी जरा मोठ्यानंच म्हटलं, "चला गं, बंडल पिक्चर हाय. पैसं पाण्यात!"

पन्नास वर्षांनी तीच आरोळी, त्याच सुरात. दौंडची ती दोन वेण्यांची कार्टी अजून मेली नव्हती.

बायकांच्यात आशेची सळसळ झाली. एकीनं तर चप्पल पायात सरकवली. पण मुलाची आई माझ्याकडं न बघता म्हणाली, "बसा, आजी. निम्माच झालाय. चांगलाय की."

झालं. तिनं "चांगलाय" म्हटल्यावर सगळ्या परत टेकल्या. सून कानात कुजबुजली, "आता बसा गप. उठलात तर त्यांना वाटंल आपण त्यांच्या शब्दाला किंमत देत न्हाई."

मग मी बसले. पण पडद्याकडं बघायची हिंमत झाली नाही. सगळा उरलेला पिक्चर मी पायाखालच्या शेंगदाण्याच्या टरफलांकडं बघत काढला. वर ट्रंपेट वाजत होता, कुणीतरी ओरडत होतं, टापा ऐकू येत होत्या. मी मान वर केली नाही. आयुष्यात पहिल्यांदा एक पडलेला पिक्चर मी सगळ्या लोकांसारखा बघितला, कधी संपतोय म्हणून.

घरी पोचलो तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. ओसरीत पुरुष मंडळी कधीची येऊन बसलेली. चहा नाही. मधोमध ताटात सुपारी, नारळ, साखरेची वाटी, वर रुमाल. माझा मुलगा त्या रुमालाकडं बघत बसला होता. त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की बोलण्यासारखं सगळं बोलून संपलंय.

"कुठं गेलता समद्याजणी?" आबांनी विचारलं.

"पिक्चरला," मुलाची आई म्हणाली. आणि कुणी तोंड उघडायच्या आत पुढं म्हणाली, "मीच नेलं समद्यांना. लई दिसांत थेटरात गेले नव्हते."

मुलाचा चुलता हसायला लागला. "त्यो घोड्याचा? आगं वैनी, त्याला मोबाईलवर पोरं शिव्या घालत्यात. पाहुण्यांना न्यायला त्योच घावला व्हय?"

बैठकीत हशा झाला. ती पदर सारखा करत आत चहा ठेवायला गेली. मला वाटलं, हे एवढ्यावरच मिटंल. सुपारी फुटेपर्यंत गप बसायचं, एवढंच काम होतं माझं. नातीचा सकाळचा आवाज कानात होता. मी बोलले तर, अशी आजी तर नात कशी, हे नळाशी ऐकलंच होतं. मी खाली बघितलं. खाली बघायची सवय तर झालीच होती.

पण चुलत्याला चेव आला होता. "आबा, वैनीला कांद्यातलं इचारा, पिक्चरमधलं काय कळतंय तिला! दिसला घोडा, गेली."

परत हसले सगळे. आतून कपबशीचा आवाज थांबला.

"त्यांनी न्हाई नेलं," मी म्हणाले. "त्या साड्या बघायला चला म्हणत होत्या. मी हट्ट केला."

"आई..." माझा मुलगा म्हणाला. सुनेनं डोळे मिटून घेतले.

"आन् मला आवडला."

शांतता झाली. तसल्या शांततेत माणसं "कळवतो" म्हणतात. आबांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. बाजारात जनावराचे दात बघावेत तसं.

"काय आवडलं?"

मग मला सांगावं लागलं. परक्या घरी, पुरुषांच्या बैठकीत, पासष्टीची बाई मी, घोड्याच्या पिक्चरची गोष्ट सांगायला लागले. जो पिक्चर आवडलाय तो कधी कुणाला तोंडानं सांगू नये. डोळ्यांना जे सोन्यासारखं दिसतं ते तोंडातून येईपर्यंत कोळसा होतं. "घोडा बोलतो" म्हटलं, लोक हसले. "काय बोलतो?" चुलत्यानं विचारलं. "म्हणतो, अरे, तू मेलायस." लोक मांड्यांवर थापा मारून हसले. बर्फावर घसरतात म्हटल्यावर तर माझा मुलगासुद्धा तोंड फिरवून हसला, आणि तो हसला म्हणून मला जास्त लाज वाटली. जमीन दुभंगावी म्हणतात ना, मला ती दुभंगायला नको होती. नुसता चहा आला असता तरी चाललं असतं.

गोष्टीतल्या त्या ताटापाशी आले. बायको वाढत नाही, त्याला वाटतं रुसली, तो समजूत काढत बसतो. इथं हसणं थोडं कमी झालं. मी फोटोपर्यंत सांगून थांबले.

"मग?" आबा म्हणाले. "शेवट काय?"

"शेवट मी न्हाई बघितला."

"मंजी? थेटरात व्हता न्हवं?"

"खाली बघत होते."

"का?"

याला उत्तर होतं, पण ते त्या बैठकीत देण्यासारखं नव्हतं. चुलता काहीतरी बोलणार एवढ्यात आतल्या दारातून मुलाची आई आली. हातात चहाचा ट्रे. मागं दारात भावकीतल्या सगळ्या बायका गोळा झाल्या होत्या.

"मी सांगते, आबा," ती म्हणाली.

त्या घरात सून बैठकीत बोलत नसावी. कारण सगळ्यांनी आधी आबांकडं बघितलं. आबांनी अडवलं नाही. ती चहा देत देत सांगायला लागली. कप ठेवायचा, एक वाक्य बोलायचं, पुढं सरकायचं.

"तिचं दुसरं लगीन ठरतं. त्यो वाजवायला जातो. त्याला वाटतं, दुसऱ्याच कुणाची तरी वरात हाय. वाजवून वाजवून गाल दुखतात त्याचं, पर थांबत न्हाई. मग ती वरातीतनं मागं वळती. तिला त्यो दिसत न्हाई. पर वळती." तिनं आबांच्या पुढं कप ठेवला. "आन् म्हणती, आवो, बास आता. दमला असाल. पोरगं मोठं झालंय, माझं चाललंय बरं. जावा तुमी. मग त्यो त्याचा ट्रंपेट घोड्याच्या पाठीवर ठिवतो, आन् जातो."

कुणी हसलं नाही. चुलतासुद्धा नाही. दारातल्या बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या, एकीनं चूं केलं नाही.

"साखर कमी पडली का, आबा?" तिनं विचारलं.

"बरूबर हाय," आबा म्हणाले. पण त्यांनी अजून घोट घेतला नव्हता. टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली, परत घातली. मग माझ्या मुलाला म्हणाले, "पाहुणं, तुमच्याकडनं काय?"

"आमची पसंती हाय."

"मग फोडा. दिवस चाललाय."

सुपारी फुटली, साखर वाटली. निघताना ती बैलाची हौस असलेली म्हातारी गाडीच्या काचेत वाकून म्हणाली, "आजी, लग्नाला घोडा आणू नका बरं का. बोलला बिलला तर पंचाईत." पिकअपमधल्या बायका खिंकाळल्या. माझे कान पेटले ते न्हावरा मागं पडेपर्यंत विझले नाहीत. पारगावच्या पुलावर मुलगा म्हणाला, "आई, तू खरंच खाली बघत होतीस?" मी "व्हय" म्हटलं. सुनेनं माझ्या मांडीवर हात ठेवला, दुपारी चिमटा काढला होता तिथंच.

लग्न झालं. घोडा आणला नाही.

पुढं वर्षभरानं एका रविवारी दुपारी तो पिक्चर टीव्हीवर लागला. घरात कुणी नव्हतं. मी आवाज बारीक केला, दाराला कडी लावली आणि ठरवलं, आज मान खाली घालायची नाही. ताट आलं, फोटो आला, मध्यंतराच्या पुढं गेले. बघत राहिले.

त्यात दुसरं लग्नच नाही. बायकोला पळवून नेणारा एक कलेक्टर निघतो, घोडा शर्यत जिंकतो, कलेक्टर चिखलात पडतो. मग कुठल्यातरी बाबाच्या अंगाऱ्यानं बँडवाला जिवंत होतो आणि सगळेजण परत त्या थर्माकोलच्या बर्फावर नाचतात. बायको कुठंही मागं वळत नाही. एक शब्द बोलत नाही.

मी रिमोट हातात धरून बसले. त्या दिवशी थेटरात ते सगळं पडद्यावर झालं होतं, भावकीतल्या बायकांनी ते बघितलं होतं. त्यातल्या तीन झोपल्या होत्या असं धरलं तरी बाकीच्या जाग्या होत्या. आणि बैठकीच्या दारात उभं राहून, आपली वैनी आपल्या सासऱ्याला काय सांगतेय ते ऐकताना, त्यांच्यातल्या एकीनंही "असं न्हाई" म्हटलं नाही. मी ज्यांना पिक्चरमधलं काही कळत नाही म्हणून मनातल्या मनात नाकं मुरडली होती, त्याच या.

मी हे कुणाला सांगितलं नाही. मुलाला नाही, नातीला तर नाहीच. नात फोनवर कौतुकानं सांगते, "सासूबाई सोडून आमच्या घरात तो पिक्चर कुणी बघत नाही," तेव्हा मी "असू दे, ज्याची त्याची आवड" म्हणते आणि विषय भाजीवर नेते.

विहीण मात्र तो लागला की मला फोन करते. खरं तर ती माझ्या सुनेची विहीण, पण फोन मला. "आजी, लागलाय." आम्ही दोघी फोन स्पीकरवर ठेवून बघतो, ती शिरूरकडं, मी इकडं.

"आला घोडा," ती म्हणते.

"आला."

"तोंड कसं हलवतोय बघा की, मेलं!"

"गवत खाल्ल्यागत."

आम्ही हसतो. ताटापाशी दोघी गप होतो. फोटोला हार दिसतो, मध्यंतराची जाहिरात लागते, ती संपते. शर्यत सुरू व्हायच्या जरा आधी विहीण म्हणते, "ठेवते आता. गाईची धार काढायचीय."

दुपारचे तीन वाजलेले असतात. तीन वाजता कुठल्याच गाईची धार काढत नाहीत, हे आम्हा दोघींनाही माहीत आहे.

"व्हय, काढा," मी म्हणते, आणि टीव्ही बंद करते.